मुहूर्ताचं सिझर आणि बाळाची फुप्फुसं

श्रोतेहो, नमस्कार.

सुनेला नववा लागला की काही घरांत पंचांग उघडतं. गुरुजींना विचारून डॉक्टरांकडे चिठ्ठी जाते : अमुक तारीख, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं, सिझर करा. त्या तारखेला बाळाचे आठवडे किती भरतात, हे मात्र चिठ्ठीत नसतं. आणि सगळं तिथंच अडतं.

बाळाच्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. शेवटच्या आठवड्यांत ती कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढवत नेते. आईचं कॉर्टिसॉल फारसं उपयोगी पडत नाही, कारण वारेतलं एक विकर (एन्झाइम) त्यातलं बरंचसं निष्क्रिय करून टाकतं. म्हणजे बाळाला आपलं आपणच बनवावं लागतं, आणि त्याला दिवस लागतात. या कॉर्टिसॉलमुळे यकृतात साखरेचा साठा होतो, आतडी दूध पचवायला तयार होतात, थायरॉइडचं संप्रेरक कामाच्या रूपात येतं. अंगात ऊब धरायला ते लागतं. मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळिसावर असला, तरी ओलं बाळ पंख्याखाली गार पडतं, हे विसरू नका.

सर्वांत मोठं काम फुप्फुसांचं. ओल्या प्लास्टिक पिशवीच्या दोन बाजू जशा चिकटून बसतात, तसे फुप्फुसांतले बारीक फुगे श्वास सोडताना मिटतात. ते मिटू नयेत म्हणून आतून सरफॅक्टंटचा स्निग्ध थर लागतो, आणि तो साधारण ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा होत नाही. शिवाय पोटात असताना फुप्फुसांत पाणी असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि ते पाणी शोषलं जाऊ लागतं. कळांआधीच, ३७व्या आठवड्यात, केवळ मुहूर्तासाठी सिझर केलं तर पाणी आत राहण्याची शक्यता वाढते. मग मिनिटाला साठाच्या वर श्वास, कण्हणं, छाती आत ओढली जाणं, आणि बाळ काचेच्या पेटीत. म्हणून कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीवरून आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून; शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते. रक्तदाब चढला, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली आणि डॉक्टर आधी काढू म्हणाले, तर मात्र तिथे घासाघीस नको.

आणि कळा फार लवकर सुरू झाल्या तर? न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. वारेतलं ते विकर या औषधाला फारसं अडवू शकत नाही. आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, चार वेळा स्नायूत देतात. एका मिलीत ४ मिलिग्रॅम असेल तर एका वेळेला दीड मिली. पुरता परिणाम यायला चोवीस तास लागतात, म्हणून करमाळ्याहून किंवा अक्कलकोटहून सिव्हिलला पाठवताना पहिला डोस निघण्याआधीच द्यावा आणि वेळ चिठ्ठीवर लिहावी. वाटेत जाणारे दीड-दोन तासही मोलाचे असतात. पण खबरदारी म्हणून सरसकट सगळ्यांना हे इंजेक्शन टोचायचं नाही. आईला गर्भाशयाच्या संसर्गाचा ताप असेल तर देत नाहीत, आणि मधुमेह असेल तर दिल्यावर तिची साखर चढते, ती तपासत राहावी लागते.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आजही ऐकू येतं. साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

आता साखर. आईला मधुमेह असेल, तर तिची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचा स्वादुपिंड स्वतः जादा इन्सुलिन सोडतो. बाळ चार किलोचं, गुटगुटीत दिसतं, पण तेच इन्सुलिन फुप्फुसांवरच्या कॉर्टिसॉलच्या कामात आडवं येतं. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन चालूच राहतं, आणि बाळाची साखर झपकन उतरते. अशा बाळाला तासाभरात अंगावर घ्या, टाचेतून रक्ताचा थेंब काढून साखर बघायला सांगा. मध चाटवू नका. गर्भारपणी आईची तपासणी सोपी आहे : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गर्भारपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा, आणि तेव्हा ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर शेवटपर्यंत चालू ठेवा. बाळाची ग्रंथी काम करू लागली, तरी आईकडून येणारं थायरॉक्सिन त्याला जन्मापर्यंत मिळत असतं. लोह आणि कॅल्शियम या गोळीला शोषू देत नाहीत, मध्ये चार तास हवेत. सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी थायरॉइड, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, आणि लोह संध्याकाळी चारच्या सुमारास. लोहाबरोबर चहा चालत नाही, तेव्हा चारचा चहा पाचवर ढकला.