पाठचा

(वाचनालयाच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि एवढ्या पावसात आलेले तुम्ही सगळे, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर 'रिले शर्यतीची पूर्वतयारी' असं लिहिलंय. त्याखाली कोणीतरी 'चहा आहे' असंही लिहिलंय, तेव्हा कोण कशासाठी आलंय ते मी विचारत नाही. (हशा) मला चाळीस मिनिटं दिली आहेत. ३१ वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेल्या बाईचं आजवर कोणी चाळीस मिनिटं ऐकून घेतलेलं नाही. त्यामुळे मी वेळ पाळेन याची खात्री देत नाही.

तयारीचं सांगणारच आहे, पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. तो शब्द म्हणजे पाठ.

आपल्याकडे भावंडं पाठीवर येतात. 'हिच्या पाठीवर मुलगा झाला' असं आपण सहज म्हणून जातो. पोटची पोरं आणि पाठची भावंडं. माझा धाकटा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणजे अगदी रीतसर पाठचा. माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून मावशी निघाली, तर हा सोळा वर्षांचा घोडा न विचारता गाडीत मागे जाऊन बसला. सासरी आठ दिवस राहिला आणि तिथले सगळे गळके नळ दुरुस्त करून आला. सासूबाई अजून सांगतात, सून आली तेव्हा सोबत प्लंबर आला होता.

पुढे त्यानं हार्डवेअरचं दुकान टाकलं. तीन वर्षांपूर्वी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, त्याच दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या तो गेला. ४४ वर्षांचा होता.

आता माझी तक्रार ऐका. ती लांबणार आहे, पण इथे दाराजवळ बसलेलं कोणी मला दिसत नाही.

भेटायला येणारी माणसं आधी आईजवळ बसायची. ते बरोबरच. मग वहिनीजवळ बसायची, मग भाचीच्या डोक्यावरून हात फिरवायची. आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, 'जरा पाणी मिळेल का?' तेरा दिवस मी पाणी दिलं, चहा दिला, चपला सरळ केल्या, मृत्यूच्या दाखल्याच्या बारा प्रती काढून आणल्या. 'आता आईला तूच सांभाळायचं', 'वहिनीकडे लक्ष ठेव', 'तू खंबीर आहेस म्हणून बरं', हे सगळं ऐकलं. म्हणजे दुःखाच्या मांडवात बहीण ही कार्यकर्ती! तुझं काय झालं असं विचारणारी एकच बाई निघाली, गल्लीच्या टोकाला मेस चालवणाऱ्या वहिनी. डब्यात पिठलं-भाकरी घेऊन आल्या, मोरीजवळ मला धरून बसवलं आणि म्हणाल्या, 'तू जेवलीस का कालपासून?' त्या पुढे पुन्हा येणार आहेत, लक्षात ठेवा.

सुतकाचं तर विचारूच नका. लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक किती? एक गुरुजी म्हणाले तीन दिवस, दुसरे म्हणाले दीड, तिसऱ्यांनी पंचांग मागवलं. मी तिथेच बसले होते. माझ्या दुःखाचा हिशोब चालला होता आणि तो मला कोणी विचारत नव्हतं.

मग आली रजा. बँक कुठली ते सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. (हशा) अर्जात 'मृताशी नाते' असा रकाना होता. जवळच्या कुटुंबात पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुलं. संपली यादी. अर्ज परत आला, वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'अर्जित रजा टाकावी'. मी चिडले, रडले, आणि मग एकदम गप्प झाले. कारण ते अक्षर ओळखीच्या तऱ्हेचं होतं. काही वर्षांपूर्वी आमच्या शिपायाचा भाऊ गेला, तेव्हा त्याच्या अर्जावर पेन्सिलीनं हेच वाक्य मी लिहिलं होतं. त्या वेळी मला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

साताऱ्यात उभं राहून मराठ्यांच्या इतिहासावर बोललं नाही तर पाप लागतं, म्हणून एवढंच सांगते. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. औरंगाबादेकडे निघालेला कासीद वाटेत सापडला, त्याच्याकडचं पत्र फोडलं, त्यात दोन मोती गळाल्याचं लिहिलेलं. ते आपण शाळेत पाठ केलंय. जानेवारी १७६१ ची गोष्ट, आणि जूनमध्ये पेशवे पर्वतीवर वारले. का वारले विचारलं तर आपण चटकन म्हणतो, मुलगा गेला ना, विश्वासराव. अहो, पण मोती दोन होते! दुसरा होता सदाशिवराव. चुलत खरा, पण ज्याचं नावच भाऊ पडलं होतं तो. त्याच्यासाठी पेशव्यांना काय वाटलं असेल हे आपण पटकन बोलतच नाही. इतिहासाच्या कोणा प्राध्यापकांना हे पटणार नसेल तर चहाच्या वेळी या.

असो. पुढं काय झालं, तर सगळ्यांनी मला एकच औषध सांगितलं, धावायला लाग, डोकं मोकळं होईल. मी मान देऊन ऐकलं. पहाटे उठून अजिंक्यताऱ्याचा चढ, रविवारी यवतेश्वरचा घाट. आणि अनुभव सांगते, एकट्यानं धावताना माझं डोकं मोकळं झालं नाही, ते भरत गेलं. घाटात दुसरं असतं काय? आपला श्वास आणि आपले विचार. दुकान तेव्हाच बंद करायला लावलं असतं तर? छातीत जळजळतंय म्हणाला होता, त्यावर मी 'सोडा पी' म्हणाले, ते का म्हणाले? वळणागणिक एक प्रश्न. खाली येईपर्यंत मी दमलेली असायचे आणि प्रश्न ताजेतवाने.

तेवढ्यात मेसवाल्या वहिनी दारात. 'मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या वयाच्या खेळाडूंच्या, स्पर्धा आहेत, चार गुणिले शंभर मीटरची रिले. तिघी आहोत, चौथी मिळत नाही.' तिघी म्हणजे त्या स्वतः, हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या बाई आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्स, ज्यांना अख्खा गाव सिस्टर म्हणतो. मी म्हटलं, मला रिलेतलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या, 'आम्हाला तरी कुठं कळतंय?'

पहिले चार दिवस आम्ही लाटणं घेऊन सराव केला. गणिताच्या बाईंच्या नडगीवर बसलं तेव्हा बंद केलं. आमचे सर, निवृत्त पीटी शिक्षक, म्हणाले, बॅटन, म्हणजे रिलेत एकीनं दुसरीच्या हातात द्यायची नळी, २८ ते ३० सेंटीमीटर लांब आणि १२ ते १३ सेंटीमीटर घेराचा लागतो. वजन ५० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. बाईंनी तिथल्या तिथं पाय वापरून भागाकार केला, म्हणजे गणितातला पाय, आणि म्हणाल्या, व्यास ४० मिलीमीटर. मला एकदम आठवलं, दुकानाच्या पोटमाळ्यावर ४० एमएमच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेत.

दुकान त्याच्यानंतर उघडलं नव्हतं. किल्ली माझ्याकडे होती. शटर वर केलं तर तोच वास, रबर, ऑइल आणि उंदराचं औषध. पाइप सापडला. त्यावर त्याच्या लाल पेन्सिलीची खूण होती, कुठल्या तरी गिऱ्हाइकासाठी मापून ठेवलेली, कापायची राहिलेली. हॅक्सॉ खिळ्याला टांगलेला, पत्ती गंजलेली. मी त्याच्या खुणेवर कापणार होते, पण त्याचं माप निघालं फूटभर, म्हणजे साडेतीस सेंटीमीटर. नियमापेक्षा अर्धा सेंटीमीटर जास्त. मग खुणेच्या किंचित अलीकडून कापला. पत्ती दोनदा अडकली. कडा पॉलिश पेपरनं घासल्या, कारण तो कुणालाही कच्च्या कडेचा पाइप देत नसे. तो बॅटन मी आज आणलाय, दाखवते नंतर.

ही चिठ्ठी... 'दहा मिनिटे'. अरे देवा! आणि मी अजून मैदानावर पोचलेच नाही. बरं, आता भराभर.

तंत्र. चार गुणिले शंभरमध्ये बॅटनची अदलाबदल ३० मीटरच्या पट्ट्यात व्हायला हवी. पूर्वी पट्टा २० मीटरचा होता आणि त्यामागे १० मीटर पळत यायला मिळायचे, आता सगळं एकच. पंच धावणारी कुठे आहे ते बघत नाहीत, बॅटन कुठे आहे ते बघतात. पहिली उजव्या हातात धरते, दुसरी डाव्यात घेते, तिसरी उजव्यात, चौथी डाव्यात. हात बदलायचा नाही. पट्ट्याच्या मागे पायाला पाय लावून मोजायचं, खूण करायची. आमचे चौदा पाय आले. मागची खुणेवर आली की पुढचीनं सुटायचं, आणि मग मागे बघायचं नाही. हे महत्त्वाचं. 'घे' अशी हाक आली की हात मागे करायचा.

वेग कमी असला तरी चालतं का? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानच्या पुरुषांनी ३७.६० सेकंदांत रौप्य घेतलं, आणि चौघांपैकी एकाचाही तोवर शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत झालेला नव्हता. खालून वर देण्याची त्यांची पद्धत आणि त्यावर केलेली मेहनत. त्याच शर्यतीत अमेरिकेचा संघ बाद झाला, कारण बॅटन पट्ट्याच्या आधीच हातात पडला.

मला नेमकं तेच जमेना. मागे न बघणं. सिस्टर येताहेत, मी सुटलेय, आणि प्रत्येक वेळी मान वळतेच. सर ओरडायचे, 'मागं काय ठेवलंय का तुमचं?' एकदा मी तिथेच बसले. सरांना माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा बिचारे दोन दिवस माझ्याशी बोलायला घाबरत होते.

मग एका संध्याकाळी सिस्टर 'घे' ऐवजी 'ताई, घे' म्हणाल्या. त्या मला ताईच म्हणतात. आमच्या जुन्या वाड्यात नळ खाली होता आणि आम्ही वर राहायचो. जिना इतका अरुंद की भरली बादली घेऊन वळता यायचं नाही. मी वरच्या पायरीवर, उजवा हात कठड्याला, डावा मागे. खालून आवाज यायचा, 'ताई, घे', आणि बादलीची कडी हातात. मी ओढल्याशिवाय त्यानं कडी कधी सोडली नाही. अनेक उन्हाळे आम्ही पाणी असं भरलं, आणि मी कधी वळून बघितलं नव्हतं. त्या दिवशी मान वळली नाही.

मी जी मुद्द्याची गोष्ट सांगायला आले होते ती एवढीच, आणि तिला आता तीन मिनिटं उरलीत. दुःखात असलेल्या माणसाला एकट्यानं धावायला पाठवू नका. त्याला चौथा गडी म्हणून बोलवा. सव्वासहाला मी मैदानावर नसले तर तिघींचा सराव बुडतो, हे मला अंथरुणातून उठवायला पुरलं. माझं मन कसं आहे ते तिघींपैकी कोणी विचारलं नाही, 'गुडघा कसा आहे' असं विचारायच्या. ते मला परवडायचं.

अजून एक. जपानमध्ये एकिदेन नावाची लांब पल्ल्याची रिले असते. पहिली १९१७ मध्ये, क्योतो ते टोकियो, सुमारे ५०० किलोमीटर. विद्यार्थ्यांची हाकोनेची तर दर वर्षी २ आणि ३ जानेवारीला असते. दहा टप्पे. बॅटनऐवजी खांद्यावरून घ्यायची कापडी पट्टी असते, संघाची स्वतःची. मागचा धावपटू ठरलेल्या वेळेत पोचला नाही, तर पुढच्याला थांबू देत नाहीत. वेगळीच पट्टी देऊन सोडतात. मग मागचा पोरगा येतो, खांद्यावरची पट्टी हातात काढून, आणि समोर घ्यायला कोणी नसतं. मी ते रात्री मोबाइलवर बघितलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

शर्यतीचं काय झालं? पाच संघांत आम्ही चौथ्या. पाचव्यांचा बॅटन पडला होता, तेव्हा फार टाळ्या वाजवू नका. बॅटन अर्थात आयोजकांचा होता, आमची नळी मैदानाबाहेर पिशवीत. मेडल नाही, पण मेसवाल्या वहिनींनी गावभर कंदी पेढे वाटले, तिसऱ्या आलेल्यांनासुद्धा दिले.

हो, हो, थांबते. फक्त कोणीतरी दोघं पुढे या. काका तुम्ही, आणि तुमच्या मागची ती छोटी. काका, तिकडे भिंतीकडे तोंड करा. डावा हात मागे. अंगठा बाहेर, पंजा उघडा. हां. बाळ, ही नळी घे. चालत ये, पळू नकोस, फरशी ओली आहे. जवळ आलीस की म्हण 'घे'. आणि त्यांनी ओढल्याशिवाय सोडू नकोस. काका, मान!