आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० : दोन कार्डांच्या आकड्यांची उलटतपासणी

आजच्या व्याख्यानासाठी मी मुद्दाम अशी दोन ग्राफिक्स कार्डे निवडली आहेत, की ज्यांची तांत्रिक माहिती शेजारीशेजारी ठेवली तर नवे कार्ड जुन्यापेक्षा दुबळे वाटावे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आले आणि आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये. जुन्या कार्डात ३,५८४ कोर, म्हणजे गणित करणारी छोटी एकके, नव्यात ३,०७२. जुन्यात १२ गिगाबाइट मेमरी, नव्यात ८. चिप आणि मेमरी यांना जोडणारी बस जुन्यात १९२ बिटांची, नव्यात १२८ बिटांची. आणि मदरबोर्डाशी होणाऱ्या देवाणघेवाणीसाठी जुन्याला पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या १६ लेन (माहितीच्या समांतर वाटा) दिलेल्या असताना नव्याची बोळवण ८ लेनवर केलेली आहे. एवढे असूनही १०८०पी रेझोल्यूशनवर (१९२० × १०८० बिंदूंच्या चित्रावर) बहुतेक संगणकीय खेळांत ४०६० हे साधारण १५ ते २० टक्के वेगवान ठरते, आणि तेही १७० वॅटऐवजी ११५ वॅटमध्ये. हे कसे घडते आणि कोठे घडत नाही, एवढाच आजचा विषय आहे.

कोरांची संख्या एकटी फारसे काही सांगत नाही. तिला क्लॉक स्पीडने गुणावे लागते. प्रत्येक कोर घड्याळाच्या एका ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज, म्हणजे दोन क्रिया करू शकतो. ३०६० चा बूस्ट, म्हणजे भार असतानाचा वाढीव वेग १,७७७ मेगाहर्ट्झ आहे, म्हणून त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १२.७ लाख कोटी क्रिया एवढी भरते. ४०६० चा वेग २,४६० मेगाहर्ट्झ असल्यामुळे कोर कमी असूनही तोच हिशोब १५.१ लाख कोटींवर जातो. हा फरक सुमारे १९ टक्क्यांचा आहे, आणि खेळांतील फरकही त्याच्याच आसपास आहे. वेग वाढण्याचे मोठे कारण निर्मितीप्रक्रियेत आहे : जुनी चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनली, नवी टीएसएमसीच्या ‘४एन’ या प्रक्रियेवर. जुनीत २७६ चौरस मिलिमीटरमध्ये १,२०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, तर नवीत सुमारे १५९ चौरस मिलिमीटरमध्ये १,८९० कोटी.

येथे जाता जाता एक सावधगिरी. कोर मोजण्याची रीत पिढीगणिक बदलते. ३०६० च्या आधीच्या पिढीतील आरटीएक्स २०६० मध्ये १,९२० कोर होते आणि ३०६० मध्ये एकदम ३,५८४ झाले, पण कोरांचे गट मात्र ३० वरून २८ वर आले होते. आधीच्या पिढीत प्रत्येक गटातील निम्मी एकके केवळ पूर्णांकांचे गणित करीत. पुढच्या पिढीत त्यांना अपूर्णांकांचेही गणित करता येऊ लागले, म्हणून त्यांची गणना कोरांमध्ये होऊ लागली. पूर्णांकांचे काम आले की ती एकके त्यातच गुंतून पडतात. आपल्या दोन्ही कार्डांची मोजणी एकाच रीतीची आहे, म्हणून वरचा गुणाकार येथे चालतो. २०६० शी तुलना करताना तो फसवा ठरला असता.

आता मेमरीकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तेथेच आहे. ३०६० ची मेमरी प्रत्येक जोडणीवर सेकंदाला १५ गिगाबिट पाठवते. १९२ ने गुणून ८ ने भागले की सेकंदाला ३६० गिगाबाइट ही बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहण्याची क्षमता, मिळते. ४०६० ची मेमरी १७ गिगाबिटांची असली तरी बस अरुंद असल्यामुळे बँडविड्थ २७२ गिगाबाइटच राहते, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश कमी. अधिक वेगाने काम करणाऱ्या चिपला कमी खुराक पुरतो तो दुसऱ्या स्तराच्या कॅशमुळे, म्हणजे चिपच्या आतच असलेल्या छोट्या पण वेगवान मेमरीमुळे. ती जुन्या चिपमध्ये ३ मेगाबाइट होती, नव्या चिपमध्ये २४ मेगाबाइट आहे. जी माहिती चिपच्या आतच सापडते तिच्यासाठी मेमरीपर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. याच आधारावर कंपनी ४०६० साठी ४५३ गिगाबाइट ही ‘परिणामी बँडविड्थ’ सांगते. हा आकडा खोटा नाही, पण तो कार्डाचा गुणधर्म म्हणून छापावा हे मला पटत नाही, कारण कॅशमध्ये किती माहिती सापडेल हे त्या त्या खेळावर आणि रेझोल्यूशनवर अवलंबून असते. १०८०पीमध्ये चित्राचे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, १४४०पीमध्ये सुमारे ३६.९ लाख, बिंदू वाढले की कॅश अपुरी पडू लागते आणि ४०६० ची आघाडी थोडी घटते.

आतापर्यंतच्या सगळ्या उणिवा उतारासारख्या आहेत. थोडे कमी असले तर थोडा वेग जातो. मेमरीची क्षमता मात्र कड्यासारखी आहे. माहिती ८ गिगाबाइटमध्ये मावते तोपर्यंत उरलेल्या ४ गिगाबाइटांचा काडीचाही उपयोग नसतो. पण ती ओसंडली की उरलेला भाग संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावा लागतो, आणि तो रस्ता ८ लेनचा, म्हणजे चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइटांचा. मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा असेल तर ८ चाच. अशा वेळी सरासरी फ्रेमसंख्या, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, पाहून काही कळत नाही. ६० फ्रेमच्या गतीत एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. सेकंदात एखाद्याच फ्रेमला ८० मिलिसेकंद लागले तर सरासरी ५६ च्या आसपास दिसेल, पण डोळ्यांना झटका जाणवल्याशिवाय राहणार नाही. म्हणून चाचण्यांत सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा पाहावा. काही खेळ तर मेमरी कमी पडताच गुपचूप हलक्या दर्जाची टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) लावतात. मग आकडे छान येतात आणि भिंती धुरकट दिसतात.

खेळांबाहेर हा कडा अधिक स्पष्ट दिसतो. १,३०० कोटी घटकांचे (पॅरामीटरांचे) भाषा-मॉडेल प्रत्येक घटकाला ४ बिट देऊन साठवले तरी त्याला ६.५ गिगाबाइट लागतात, शिवाय संवादाचा संदर्भ आणि पडद्यावरील चित्र यांची जागा वेगळी. ३०६० वर ते आरामात बसते, ४०६० वर अंग चोरून. उलट, एव्ही१ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या स्वरूपात व्हिडिओ तयार करायचा असेल तर ती सोय ४०६० च्या चिपमध्येच आहे. ३०६० ला तो फक्त उलगडून दाखवता येतो. दोन फ्रेमच्या मध्ये तिसरी रचणारे एनव्हिडियाचे स्वतःचे फ्रेम जनरेशनही या दोहोंपैकी नव्यावरच चालते, परंतु त्यासाठी पुढची फ्रेम थोपवून धरावी लागते, म्हणून हालचाल गुळगुळीत दिसली तरी बटण दाबल्यावरचा प्रतिसाद त्या प्रमाणात सुधारत नाही. अशा फ्रेम धरून काढलेले आलेख मी तुलनेत घेत नाही.

कॅशविषयीचे माझे म्हणणे पडताळून पाहायचे असेल, तर कंपनीने नकळत एक प्रयोगच करून ठेवला आहे. २०२२ मध्ये आरटीएक्स ३०६० याच नावाने ८ गिगाबाइटचे कार्ड आले. कोर तेच ३,५८४, बस मात्र १२८ बिटांची आणि बँडविड्थ २४० गिगाबाइटांची. कॅश वाढवलेली नाही. हे कार्ड ८ गिगाबाइट पुरेसे असलेल्या खेळांतही १२ गिगाबाइटच्या आपल्या भावंडाच्या मागे पडते, म्हणजे कॅश न वाढवता बस अरुंद केली की वेग जातोच.