तठे धरन शे

(भडगावकडच्या एका वाचनालयात झालेल्या उन्हाळी व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्यांनी पंख्याखाली सरकून घ्या. सव्वासात झाले तरी भिंतींची धग उतरलेली नाही. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मुलांचा मोबाइल कसा सुटेल’. त्याकडे येतोच, पण आधी तुम्हाला एक धरण दाखवतो.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली अकरा वर्षं गिरणा नदीवरून निघणाऱ्या जामद्याच्या कालव्याखालच्या एका गावात. शाळेच्या आवारात नळाचा व्हॉल्व्ह गळायचा. एकदा मधल्या सुट्टीत पोरांनी त्या ओघळाला मातीचा बांध घातला. दुसऱ्या दिवशी बांधाला विटांच्या तुकड्यांचं पिचिंग, म्हणजे अस्तर झालं. तिसऱ्या दिवशी दोन कालवे निघाले, डावा आणि उजवा. मी बघायला गेलो तर चौथीतलं एक पोरगं किंचाळलं, “गुरजी, थांबा! तठे धरन शे!” तिथे धरण आहे! माझा पाय त्यांच्या गिरणा धरणावर पडणार होता.

मी उकिडवा बसलो आणि पाहत राहिलो. एरंडाच्या पानाचा पोकळ देठ म्हणजे पाईप. फुटक्या पाटीचा तुकडा म्हणजे गेट. एक जण साहेब, एक पाणी वाटणारा पाटकरी. एका मुलीने डब्याचं झाकण वाजवून दवंडी दिली, उद्या आवर्तन सुटणार, कालव्याला पाणी येणार. इथे बसलेल्या किती जणांनी आवर्तनाची वाट पाहिली आहे? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! म्हणून तुम्हाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आवर्तन सुटलं आणि भांडण लागलं. तिसरीतला एक बारका पोरगा कालव्याच्या शेवटी आपलं शेत आखून बसला होता. त्याच्या घरची खरी जमीनही टेललाच होती. पाणी वरच्यांनीच पिऊन टाकलं, याच्यापर्यंत थेंब आला नाही. तो रडला नाही. त्याने वरच्या शेतांकडे जाणाऱ्या सगळ्या चाऱ्या पायाने बुजवल्या आणि म्हणाला, पहिलं पाणी टेलला. मारामारी झाली, एकाची बाही फाटली. दोन दिवस खेळ बंद. मला शंभरदा वाटलं मध्ये पडावं, पण पडलो नाही. याचं मला आजही समाधान आहे. तिसऱ्या दिवशी त्यांचं त्यांनीच ठरवलं: शेवटचं शेत भिजेपर्यंत वरच्या चाऱ्या बंद, मग खालून वर यायचं. पाटबंधारे खात्यात याला ‘टेल टू हेड’ म्हणतात. पोरांना तो शब्द कुणी शिकवला नव्हता.

असलं ज्ञान पोरांकडून पोरांकडे जातं, मोठ्यांना पत्ता लागत नाही. विटीदांडूतली मोजणी आठवा. वकट, लेंड, मूंड, नाल… गावोगाव थोडी बदलते. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कुठल्या काळी कुणाबरोबर हे आकडे आपल्या मातीत आले कोण जाणे, पण कुठल्याही पाठ्यपुस्तकाशिवाय, केवळ पोरांच्या तोंडून ते तापीकाठापर्यंत टिकले. आता खेळणारी पोरंच उरली नाहीत तर ते कुणाच्या तोंडात राहणार?

त्या धरणाचं पुढे काय झालं तेही सांगतो. व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, ते योग्यच. पाणी वाया जात होतं. पण मग सुशोभीकरण आलं. सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक, कडेला शोभेची झाडं आणि पाटी, ‘खेळू नये’. शाळेच्या आवारात! मी अर्ज दिले, बैठकीत बोललो. उत्तर मिळालं, चिखल होतो, सर. होतोच. चिखलाशिवाय धरण कशाचं बांधणार? आपल्या कॉलन्यांतही तेच चाललंय. मोठा लेआउट मंजूर करताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, तिला आपण ‘ओपन स्पेस’ म्हणतो. ती कितीशी ओपन उरलीय, येता-जाता बघा. कुलूप तरी आहे, नाहीतर फरशी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं उरली. आता मोबाइल.

मोबाइलमध्येही शेतीचे खेळ आहेत. माझा नातू खेळतो. बोट लावलं की पाणी येतं, पीक डोलतं. तिथे टेल नाही आणि वरच्या शेतवाल्याशी भांडणही नाही. सगळं आधीच कुणीतरी कल्पून ठेवलेलं, मग पोराने कल्पायचं काय? वायगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1933 च्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. काठीला घोडा मानताना मूल वस्तूपासून तिचा अर्थ सोडवायला शिकतं. पुढे अक्षर वाचायला, गणितातला ‘क्ष’ मानायला हीच ताकद लागते, असं मला वर्गात वर्षानुवर्षं दिसलं.

आकडे भरभर सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं: दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या आत. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. हे 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. डोळ्याला उघड्यावरचा उजेड हवा असतो.

आयांना दोष देऊ नका. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच फोन हातात देऊन ‘हीच शाळा’ म्हणालो. आणि कापूस वेचायला गेलेली माय पोराला कुणाकडे ठेवणार? फोन हिसकावून पोरगं खेळत नाही, नुसतं रडतं. त्याला सोबती लागतात, मोकळी माती लागते आणि लुडबुड न करणारे मोठे लागतात. उन्हाचं म्हणाल तर वैशाखात सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी ओट्यावर सागरगोटे, ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी. ती जोडायला बाभळीचे काटे आजोबांनी काढून द्यावेत.

दारापाशी टेबलावर अर्ज ठेवलाय. वाचनालयामागच्या ओपन स्पेसमध्ये पुढच्या महिन्यात ब्लॉक बसणार आहेत. एक कोपरा सोडा, तिथे दोन ब्रास माती टाका आणि एक नळ द्या, एवढंच मागितलंय. पेन तिथेच बांधलेलं आहे. पोरांना सोबत आणलं असेल तर त्यांनाही सही करू द्या.