दोन स्क्रीनवर कर्सर हरवतो, त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही

नमस्कार मंडळी, बडोद्यातून बोलतेय, आणि आजचा व्हिडिओ खरं तर माझ्या आत्यासाठी आहे. आत्या ६१ वर्षांची, दांडिया बाजारात राहते, घरबसल्या तीन-चार दुकानांचे हिशेब लिहिते. आधी एका लॅपटॉपवर करायची, मग माझ्या भावाने त्याचा जुना २४ इंची मॉनिटर तिला लावून दिला, म्हणजे बिलं एकीकडे उघडी आणि टॅली दुसरीकडे, सारखं खाली-वर करायला नको. छानच सोय. पण दोन महिन्यांनी कळलं की आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली, का तर माउसचा बाण, म्हणजे कर्सर, दिसत नाही, तिला वाटलं मोतीबिंदू झाला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं डोळे अगदी ठीक आहेत. तर ती आणखीनच खचली, मला फोनवर म्हणाली, "अगं मग माझंच लक्ष राहत नसेल आता, वय झालं."

मला ते ऐकून फार वाईट वाटलं. कारण मी मकरपुऱ्याला पाइपिंगच्या ड्रॉइंगचं काम करते, दिवसभर दोन मॉनिटर समोर, आमच्याकडे २४ वर्षांची पोरं पण दिवसातून दहा वेळा माउस गरागरा फिरवत "कुठे गेला, कुठे गेला" करतात. हे वयाचं नाहीच आहे.

आता एक करा, व्हिडिओ बघता बघता हात सरळ समोर धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपला डोळा एका वेळी एकदम स्पष्ट बघतो तो भाग साधारण तेवढाच, दोन अंशांचा. स्क्रीन ६० सेंटीमीटरवर असेल तर तिथे तो होतो साधारण २ सेंटीमीटर. बाकी सगळं आपल्याला दिसतंय असं वाटतं पण ते धूसर असतं, डोळा भराभर इकडेतिकडे फिरून मेंदू चित्र पूर्ण करतो. आत्याचा लॅपटॉप आणि मॉनिटर मिळून रुंदी होते ८७-८८ सेंटीमीटर. आणि पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके, मोजायचे तर लॅपटॉपचे १३६६ गुणिले ७६८, मॉनिटरचे १९२० गुणिले १०८०, बेरीज ३१ लाखांच्या वर. विंडोजचा नेहमीचा कर्सर बसतो ३२ गुणिले ३२ च्या चौकटीत, म्हणजे सगळ्या जागेचा तीन हजारावा भाग, आणि बाण तर त्या चौकटीपेक्षाही बारीक. वर तो पांढरा, आणि एक्सेल पांढरं, पीडीएफ पांढरं, टॅलीचा मधला भाग पण फिकाच. सापडेल कसा?

पण धूसर भागातसुद्धा डोळ्याला एक गोष्ट पटकन कळते, ती म्हणजे हालचाल. बडोद्याच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. १४ जानेवारीला गच्चीवर उभे आहात, वर शंभर पतंग, आपला कुठला ते कळेना, तर आपण काय करतो, डोळे फाडून रंग शोधत बसत नाही, मांज्याला एक ठुमका देतो, जो हलला तो आपला. माउस हलवून कर्सर शोधतो ते हेच, आणि पुढे जे उपाय सांगणार आहे त्यातले बरेचसे या ठुमक्याचेच आहेत.

पण त्याच्या आधी टेबल बघायचं. मी रविवारी आत्याकडे गेले, तिला म्हटलं तू काम कर, मी नुसती बघते. लॅपटॉप तिच्या उजव्या हाताला, कारण प्लग तिकडे आहे, मॉनिटर डावीकडे. तिने बिलावर क्लिक करायला माउस डावीकडे सरकवला, बाण लॅपटॉपच्या डाव्या कडेला जाऊन थांबला. तिने माउस उचलला, परत सरकवला, परत थांबला. तिसऱ्यांदा वैतागून गोल फिरवला तर तो उजव्या कडेतून बाहेर पडला आणि मॉनिटरच्या पार डाव्या टोकाला निघाला, आणि ती बघत होती मॉनिटरच्या उजव्या टोकाला. म्हणजे विंडोजच्या हिशेबाने मॉनिटर उजवीकडे होता आणि टेबलावर तो डावीकडे! दोन महिने ती बाई उलट्या घरात राहत होती आणि दोष स्वतःला देत होती.

(इथे स्क्रीन रेकॉर्डिंग लावायचं)

हे बघा, डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. वर दोन चौकटी दिसतात, १ आणि २. खाली आयडेंटिफायवर क्लिक केलं की प्रत्येक स्क्रीनवर तिचा नंबर येतो. नंबर कुठला ते महत्त्वाचं नाही, जागा महत्त्वाची. माउसने चौकट धरायची, टेबलावर जिथे आहे तिथे ओढून ठेवायची, आणि अप्लाय दाबायचं, अप्लाय विसरू नका.

आता इथेच थांबू नका, चौकटींची उंची बघा. लॅपटॉपची चौकट छोटी, ७६८ ची, मॉनिटरची १०८०. दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत असतील तर मॉनिटरच्या कडेचा खालचा ३१२ पिक्सेलचा भाग म्हणजे भिंत आहे, तिथे पलीकडे काही नाहीच, बाण तिथून जाणार कुठे. माणसाला वाटतं माउस अडकला, तो जोरात ढकलतो, आणि बाण भिंतीला घासत वर सरकून एकदम पलीकडे जातो. आत्याचा लॅपटॉप टेबलावर खाली टेकलेला असतो म्हणून मी खालच्या कडा जुळवल्या, तुमचा स्टँडवर असेल तर वरच्या जुळवा, तुमच्या टेबलाप्रमाणे. विंडोज ११ असेल तर त्याच पानावर मल्टिपल डिस्प्लेजमध्ये "ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज" असा पर्याय आहे, तो चालू असला की भिंतीपाशी पण बाण उडी मारून जातो. तरी कडा जुळवा, ते जास्त चांगलं.

अजून एक, आणि हा प्रकार माझ्या घरीच झाला. टीव्ही एचडीएमआयने जोडलेला होता, रिमोटने बंद केला, पण काँप्युटरला तो जोडलेलाच दिसत होता. बाण उजवीकडून बाहेर जायचा आणि काळोख्या टीव्हीवर जाऊन बसायचा. आयडेंटिफाय केलं, डिस्प्ले सेटिंग्जमध्ये तीन चौकटी दिसल्या, तेव्हा उलगडा झाला. नको तेव्हा विंडोज आणि पी दाबून फक्त पहिली स्क्रीन निवडा, नाहीतर केबलच काढा. एखादी विंडो तिकडे अडकली असेल तर तिला निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, ती शेजारच्या स्क्रीनवर येते.

आणि बाण आपोआप उडी मारत असेल तर माउसच्या जुन्या सेटिंग्जमध्ये, म्हणजे कंट्रोल पॅनेलमधल्या माउसमध्ये, "स्नॅप टू" ची टिक आहे का बघा, ती असली की प्रत्येक नवीन बॉक्सच्या बटणावर बाण स्वतःहून जातो. मी ती काढून टाकते.

आता ठुमका. त्याच जुन्या सेटिंग्जमध्ये, पॉइंटर ऑप्शन्स या टॅबला, सगळ्यात खाली एक ओळ आहे, कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरची जागा दाखव अशा अर्थाची. टिक करा, ओके करा. आता नुसतं कंट्रोल दाबून सोडलं की बाणाभोवती गोल कडी येतात आणि आत आत मिटत जातात, जशी पाण्यात खडा टाकल्यावर येतात ना, फक्त उलटी. हे कित्येक वर्षांपासून विंडोजमध्ये आहे, काहीही डाउनलोड करावं लागत नाही, आणि तरी लोकांना माहीत नसतं याचंच मला आश्चर्य वाटतं.

ती कडी पण नजरेतून सुटत असतील तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. त्यात फाइंड माय माउस. डावं कंट्रोल दोनदा दाबलं की सगळ्या स्क्रीन अंधारतात आणि फक्त बाणापाशी उजेडाचा गोळा राहतो. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारून टाका. मॅकवाल्यांना २०१५ च्या एल कॅपिटनपासून माउस जोरात हलवला की बाण मोठा होतोच, आणि लिनक्सवर ग्नोम डेस्कटॉप असेल तर तिथेही कंट्रोलने जागा दाखवायची सोय चालू करता येते.

पण शोधण्यापेक्षा हरवूच नये हे बरं. सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, माउस पॉइंटर, तिथे आकार १ ते १५ पर्यंत वाढवता येतो आणि रंगही बदलता येतो. मी आत्याला ३ वर ठेवून दिलाय, रंग तिनेच निवडला, पैठणीच्या काठासारखा जांभळा. पांढऱ्या एक्सेलवर लांबून दिसतो. मोठा बाण म्हणजे म्हाताऱ्यांचा असं ऑफिसात काही जणांना वाटतं, मला ते अजिबात पटत नाही. बाण दिसावा म्हणून धडपड तर पहिल्यापासून आहे, १९६८ साली डग्लस एंगेलबार्ट या माउसच्या जनकाने तो लोकांना दाखवला तेव्हा बाण सरळ वर उभा होता, पुढे झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात तो तिरका केला, कारण त्या वेळच्या ढोबळ स्क्रीनवर तिरका जास्त स्पष्ट उठायचा.

माझ्यासारखे ड्रॉइंगवाले असाल तर ऑटोकॅडमध्ये कर्सरसाइज टाइप करून १०० द्या, मूळ ५ असतो. मग दोन रेषा ड्रॉइंगच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातात, जिथे छेदतात तिथे तुम्ही. ज्यांनी टी-स्क्वेअरवर, म्हणजे कागदावर रेषा मारायच्या टी आकाराच्या पट्टीवर, हात बसवलाय त्यांना तर हे फार आवडतं. आणि तशाच रेषा सगळीकडे हव्या असतील तर पॉवरटॉइजमध्ये क्रॉसहेअर आहे, विंडोज, ऑल्ट आणि पी.

आत्याचं आता मस्त चाललंय. दिवाळीच्या साफसफाईत टेबल हललं, लॅपटॉप डावीकडे गेला, आणि परत बाण उलटा जायला लागला. मला वाटलं फोन येणार. फोन आला, पण संध्याकाळी, आणि म्हणाली, "अगं, चौकट ओढून ठेवली मी, पहिल्यांदा अप्लाय करायचं राहिलं होतं, मग केलं."