झाकण कोण उघडतं?

नमस्कार मंडळी.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'रोजच्या वापरातले डबे आणि पेट्या'. यावर तासभर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आज सकाळपासून तुम्ही किती झाकणं उघडलीत, ते जरा आठवून पाहा. चहाचा डबा, साखरेचा डबा, काडेपेटी, मसाल्याचा डबा, गोळ्यांची डबी, नातवाचा शाळेचा डबा, त्याची कंपासपेटी. घराबाहेर पडलात तर मीटरची पेटी, टपालपेटी, देवळातली दानपेटी. यातलं प्रत्येक झाकण वेगळं आहे. एखादं नुसतंच वर ठेवलेलं, एखादं दाबून बसवलेलं, एखादं सरकणारं, एखाद्याला कडीकोयंडा, तर एखाद्यावर लाखेची मोहोर. हे झाकण कुणी उघडायचं, त्यातून हवा जाऊ द्यायची की नाही, आणि उघडलं तर मागे खूण राहिली पाहिजे का, हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. मी आज या झाकणांबद्दलच बोलणार आहे, कारण माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा टाकला आणि कुठे टाकला नाही, हे मला त्यांच्यात दिसतं.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. मिसळणाचा डबा काढा. आत सहा-सात वाट्या: मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथी, गोडा मसाला. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग, हळद. तेल जळायच्या आत हे सगळं पडायला हवं. सात डब्यांची सात झाकणं उघडत बसलात तर फोडणी करपलीच. म्हणून सात वस्तूंना एकच मोठं झाकण. हिंगाला मात्र बहुतेक घरांत वेगळी घट्ट डबी असते, कारण त्याचा वास शेजारच्या मसाल्याला त्याचा स्वतःचा वास राहू देत नाही.

त्याच फळीवर चकलीचा डबा असतो. त्याचं झाकण जोर लावून उघडावं लागतं. हवेतला ओलावा आत शिरला की चकली मऊ पडते. पोळ्यांची गरज बरोबर उलटी. गरम पोळीची वाफ डब्यात कोंडली तर तिचं पाणी होऊन पोळी चिकट होते, म्हणून खाली फडकं घालतात, झाकण थोडं कलतं ठेवतात. भाकरीला तर टोपलीच बरी. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ते हाताने तपासून पक्कं केलं आहे, आणि मी त्याला पदार्थविज्ञानच म्हणतो.

घरी गेल्यावर जुन्या स्टीलच्या डब्यांच्या बुडाशी किंवा कडेला पाहा. ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली असतात. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात किंवा मुंजीत, कुठल्या तारखेला. आमच्याकडे घराण्याच्या वंशावळी जपतात, त्यांत पुष्कळदा बायकांची नावंच नसतात. डब्यांवर आत्या, मावशी, वन्सं सगळ्या सापडतात. हे डबे मोडीत घालण्याआधी त्यावरची नावं निदान वहीत उतरवून ठेवा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता काडेपेटी. इतकी हलकी, इतकी स्वस्त. 2021 च्या डिसेंबरात ती एक रुपयावरून दोन रुपयांना झाली. तिच्याकडे आपण काड्या ठेवायचं खोकं म्हणून पाहतो. पण काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं, आणि लाल फॉस्फरस असतो तो पेटीच्या कडेच्या काळपट पट्टीवर. दोन्ही एकमेकांना घासले तरच नीट पेट घेतात. म्हणजे निम्मी काडी पेटीवर आहे! पूर्वीच्या काड्यांत पांढरा फॉस्फरस असायचा. त्या कुठेही घासल्या तरी पेटायच्या, खिशातसुद्धा, आणि त्या बनवणाऱ्या कामगारांचे जबडे सडायचे. हिंदुस्थानात 1913 च्या कायद्याने पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी आली. धोका काडीतून काढून पेटीवर ठेवणं, ही फार मोठ्या मनाची रचना आहे असं मला वाटतं.

जेवणाच्या डब्याकडे येतो. मुंबईचे डबेवाले तुम्हाला ठाऊक आहेत. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं असं सांगतात. पुढची माणसं बहुतेक पुणे जिल्ह्यातल्या मावळपट्ट्यातली: राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नर, मुळशी या बाजूची. त्यांच्या कामाचं कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. मला तुमचं लक्ष त्या डब्याच्या झाकणाकडे वेधायचं आहे.

त्या झाकणावर खाणाऱ्याचं नाव नसतं. मधोमध एक ठळक खूण, ती डबा कुठल्या स्टेशनावर उतरवायचा त्याची. कडेने आणखी आकडे-अक्षरं: तो कुणी पोचवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, आणि परत जाताना कुठल्या स्टेशनावर जायचं. रंगाच्या खुणा येण्याआधी रंगीत दोरे बांधत. सकाळी एकाने घरून उचललेला डबा स्टेशनावर दुसऱ्याकडे जातो, लोकलच्या सामानाच्या डब्यातून तिसरा नेतो, चौथा ऑफिसात पोचवतो. प्रत्येक जण झाकण वाचतो, आणि वाचतो फक्त आपल्या कामापुरतं. आत वांग्याचं भरीत आहे की मटण, हे कुणी पाहत नाही. त्या डब्याला कुलूप नसतं, असते ती नुसती एक खिटी. चार अनोळखी हात, गर्दीची लोकल, रस्त्यावरची हातगाडी, आणि एका खिटीवर एवढा मोठा कारभार. कोविडच्या काळात ऑफिसं बंद पडली, डबे थांबले, अनेक डबेवाले गावी गेले ते परतले नाहीत. कामाची ती पूर्वीची व्याप्ती आता राहिलेली नाही. हे मी हळहळ म्हणून सांगत नाही. अशी व्यवस्था उभी राहायला शंभर वर्षं लागतात, ती मोडायला दोन पुरतात, म्हणून सांगतोय.

आणि एक गोष्ट. तो डबा संध्याकाळी घरी परत येतो. रिकामा आला, की भाजी तशीच राहून आली, हे उघडताक्षणी कळतं. कितीतरी घरांत नवऱ्याबायकोचं दिवसभरातलं हेच एक बोलणं असे.

याच मुंबईत, गिरणगावात, दुसरी एक पेटी होती. पत्र्याची ट्रंक. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार ती घेऊन यायचा. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत वीस-वीस पुरुष राहात. तिन्ही पाळ्या चालू, एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा झोपणार. अंथरूण स्वतःचं, पण जागा स्वतःची नाही. जेवण खानावळीतल्या बाईंकडे. या माणसाच्या मालकीची, कुलूप लागणारी जागा कोणती? फक्त ती ट्रंक. किल्ली करदोट्याला. आत एक बरा सदरा, गावाकडची पत्रं, पोस्टाचं पासबुक, सणाला न्यायचं लुगडं, झाकणाच्या आतल्या बाजूला विठोबाचं किंवा गणपतीचं चित्र. झाकण उघडलं की देवघर, मिटलं की बसायचं बाकडं. शिमग्याला, गणपतीला भाऊच्या धक्क्यावरून बोटीत चढताना हीच ट्रंक डोक्यावर.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातले किती जण ट्रंक उचलून गावी गेले आणि तिथेच राहिले, याची गणती कुणी ठेवलेली नाही. गिरण्यांच्या जागेवर आज मॉल आहेत, मनोरे आहेत. संग्रहालयांत राजेरजवाड्यांचे पितळी फुलांचे पेटारे आहेत, आणि ते असायलाच हवेत. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, फणेरपेट्या म्हणजे बायकांच्या शृंगाराच्या पेट्या गोळा केल्या, त्यांचे उपकार आपल्यावर आहेत. पण फणेरपेटीच्या झाकणातला आरसा जसा जपला, तशी त्या ट्रंकेच्या झाकणातली चित्रं जपणारी माणसंही हवी आहेत. ट्रंका अजून घराघरांत माळ्यावर आहेत. आता जपल्या नाहीत तर भंगारात जातील.

कोकणातून मुंबईला येणारी आणखी एक पेटी म्हणजे आंब्याची. हापूस झाडावर पुरता पिकू देत नाहीत. चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा भाग तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवतात. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो. पेटीत आंबा जातो तेव्हा त्याचं काम अर्धं राहिलेलं असतं. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, इथिलीन वायू सोडतो, आणि त्या वायूने शेजारचा आंबाही पिकायला लागतो. म्हणून पेटीच्या फळ्यांमध्ये फटी, आत भाताचा पेंढा, थरावर थर. पेंढा धक्का खातो, ओलावा शोषतो. मुंबईला पोचेपर्यंत पेटीच त्याची आढी, म्हणजे पेंढ्यात पिकायची जागा, होते. फळ मोठं तर पेटीत चार-पाच डझन, लहान तर त्याहून जास्त. आता पुठ्ठ्याचे खोके आले, त्यांनाही बाजूने भोकं ठेवावी लागतात.

पण पेटीवर 'देवगड' लिहिणं सोपं असतं. दुसरीकडचा आंबा त्याच पेटीत, त्याच पेंढ्यात विकला जातो, हे दर मोसमाचं दुखणं आहे. 2018 साली कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. देवगडच्या बागायतदारांनी अलीकडे प्रत्येक फळावरच क्रमांकाची चिकटपट्टी लावायला घेतली. पेटीवरचा भरवसा उडाला, तेव्हा खूण फळावर आली. यात मला बागायतदाराचा दोष दिसत नाही. तो वर्षभर फवारण्या, थंडी, अवकाळी सोसतो, आणि त्याचं नाव मात्र दुसरा विकतो.

आंब्याच्या पेटीला हवा हवी. गाणाऱ्याच्या शेजारच्या पेटीतून, म्हणजे हार्मोनियममधून, हवा सुटता कामा नये. भात्याने भरलेली हवा पितळी पट्ट्यांखेरीज कुठूनही निसटली की सूर कण्हतो. म्हणून दुरुस्ती करणारा कारागीर आधी फटी आणि चामडं तपासतो, स्वरांना मग हात लावतो. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत ही पेटी आपल्या दारात येऊ दिली नव्हती. श्रुती म्हणजे स्वरांमधले बारीक स्वर, आणि मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, हे तिला जमत नाही, हा आक्षेप. आक्षेप खोटा नव्हता. तरी भजनीमंडळांनी आणि नाटक मंडळ्यांनी ती सोडली नाही, आणि बरंच केलं.

आता मतपेटी. पहिली सार्वत्रिक निवडणूक, 1951-52. सुमारे सतरा कोटी मतदार, त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनी प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी दिली आणि तिच्यावर त्याचं चिन्ह लावलं. मतदाराने शिक्का मारायचा नाही, काही लिहायचं नाही. पडद्याआड जायचं, हव्या त्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. त्यासाठी लोखंडी पेट्या लागल्या त्या लाखांच्या हिशेबात, आणि त्यांतल्या पुष्कळशा आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. मतदान सुरू होण्याआधी पेटी उघडून, रिकामी दाखवून, उमेदवारांच्या सगळ्या प्रतिनिधींसमोर बंद करायची. फटीतून कागद आत जाईल, बाहेर येणार नाही. उघडली तर कागदी मोहोर फाटलेली दिसेल. पुढे शिक्का मारायची पद्धत आली, तेव्हा सगळ्यांना मिळून एक पेटी पुरली. मग यंत्र आलं. 2004 ची लोकसभा निवडणूक सगळीकडे यंत्रावर झाली. पण आजही मतदानाआधी प्रतिनिधींसमोर चाचणी मतं टाकून, मोजून, पुसून यंत्र शून्यावर आणून दाखवतात. रिकामी पेटी दाखवण्याचाच हा विधी आहे आणि तो कंटाळा न करता पुरा पाहिला पाहिजे. तुमच्यापैकी कुणी मतदान प्रतिनिधी म्हणून बसत असाल तर त्या वेळी उशिरा पोचू नका.

शेवटी पुठ्ठ्याचा खोका. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद, बस. त्या नागमोडीच्या उभ्या नळ्यांमुळे खोक्यावर खोका रचला तरी तो दबत नाही. घरपोच सामान मागवायला लागल्यापासून आपल्या दाराशी याचाच ढीग असतो. याला झाकण असं नसतंच. आपण चिकटपट्टी फाडतो आणि खोका तिथेच संपला असं समजतो. तो संपलेला नसतो. पुण्यात 1993 साली कचरावेचक बायकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने दारोदारचा कचरा उचलायचं काम घेतलं. त्या ताईंचं पोट ज्या मालावर चालतं, त्यात पुठ्ठा आहे. तो ओल्या कचऱ्यात टाकलात की भिजतो, त्याचा लगदा होतो, आणि भंगारवाला त्याला भाव देत नाही. तेव्हा खोका आला की चिकटपट्टी सोलून काढा, चारही बाजू उलगडून सपाट करा आणि कोरड्या जागी वेगळा ठेवा. पावसाळ्यात जिन्याखाली ठेवलात तरी चालेल. आणि ताई आल्या की त्यांच्या हातात द्या.