रायफलीचा बफर आणि घरगुती खटाटोप

अध्यक्षमहोदय आणि मंडळी, एआर-१५ जातीच्या रायफलीच्या बफरमध्ये, म्हणजे दस्त्यातल्या नळीत स्प्रिंगला टेकून सरकणाऱ्या आणि फैरीनंतर मागे येणारे भाग आवरणाऱ्या वजनी दांड्यामध्ये, घरच्या घरी केलेले फेरफार कितपत फायद्याचे ठरतात, हा आजचा विषय आहे. टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना या रायफलीची ओळख करून देण्याची गरज नाही. निम्म्या सभागृहाकडे ती आहे आणि उरलेल्यांच्या घरी तिच्या खर्चावरून वाद आहेत. सभागृहाच्या नियमामुळे रायफल आणता आली नाही, म्हणून केवळ बफर आणला आहे. तो कानाशी धरून हलवला, की आत काहीतरी सरकल्याचा टकटक आवाज येतो. पुष्कळांना तो बिघाड वाटतो आणि तेथूनच घरगुती दुरुस्तीचा श्रीगणेशा होतो.

या आवाजाचे मोल कळण्यासाठी व्हिएतनामपर्यंत मागे जावे लागेल, आणि येथे माझी एक जुनी तक्रार आहे. एम-१६ रायफल, म्हणजे एआर-१५चा सैन्यातला स्वयंचलित अवतार, ऐन लढाईत का अडकत होती, हे सांगताना प्रत्येक जण काडतुसातली बदललेली दारू, क्रोमचा मुलामा नसलेले चेंबर (काडतूस बसते ती जागा) आणि साफसफाईच्या साहित्याचा तुटवडा एवढेच सांगतो. बफरचे नाव कोणी घेत नाही. एआर-१५चे जनक यूजीन स्टोनर यांच्या रचनेत सुरुवातीला जो बफर होता, तो हलका आणि आतून कड्यांचा होता. १९६४च्या सुमारास सैन्याने ड्यूपाँटच्या कांडीदार दारूऐवजी ऑलिनच्या गोलकणी दारूवर भर दिला. तिच्यामुळे बोल्ट मागे ढकलणारा वायू ज्या छिद्रातून घेतला जातो तेथे दाब वाढला, बोल्टची (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणाऱ्या भागाची) ये-जा वेगवान झाली आणि स्वयंचलित माऱ्याचा वेग मिनिटाला ८५० फैरींच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागला. त्यावर काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे: रायफली कारखान्यातल्या स्वीकृती-चाचणीत जुन्या जातीच्या दारूवर उत्तीर्ण करून घ्यायच्या आणि रणांगणावर पाठवायची ती गोलकणी दारू! (आपल्याकडे परीक्षेला एक पुस्तक आणि शिकवायला दुसरे, अशी शाळा काढली असती तर पालकांनी मोर्चा आणला असता, येथे १९६७मध्ये प्रतिनिधी सभागृहाच्या इकॉर्ड उपसमितीला चौकशी करावी लागली.) माऱ्याचा वेग आवरण्यासाठी जे उपाय झाले, त्यांतला नेमका उपाय म्हणजे नवा, जड बफर. त्याच्या पोटात सरकती वजने आणि त्यांच्यामध्ये रबराच्या चकत्या घातल्या होत्या. बोल्ट-कॅरिअर (बोल्टला वाहून नेणारा भाग) पुढे येऊन आदळतो आणि उसळून मागे जाऊ पाहतो, तेवढ्यात ही वजने क्षणभर उशिरा येऊन त्याला जागच्या जागी दाबून धरतात. ही उसळी रोखली नाही, तर स्वयंचलित माऱ्यात बोल्ट पुरता बंद नसतानाच हातोडा पडतो आणि फैर झडत नाही. तेव्हा हा आवाज बिघाडाचा नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप झाला, ते काम चालू असल्याचा तो पुरावा आहे.

रेंजवर भेटलेले एक सद्गृहस्थ हा आवाज बंद केल्याचे अभिमानाने सांगत होते. त्यांनी बफरमध्ये शिशाचे छरे भरून वरून इपॉक्सी ओतली होती. बफर शांत झाला होता आणि वजनही वाढले होते. सरकणे तेवढे संपले होते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, त्यामुळे मूळ मुद्द्याकडे वळतो, जो खरे तर प्रारंभीच यायला हवा होता.

खांद्याला बसणारा एकूण धक्का बफरने कमी होत नाही. साधारण साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या आसपास वेगाने निघाली, की तिचा आणि वायूंचा संवेग उलट दिशेने रायफलीला मिळणारच. बफर तो किती वेळात आणि कशा टप्प्यांनी पोचवायचा एवढेच ठरवतो. नेम लवकर पुन्हा बसावा, यासाठी तेही उपयोगाचे आहे.

आपल्या रायफली अर्धस्वयंचलित आहेत, दुसऱ्यांदा चाप ओढेपर्यंत बोल्ट स्थिरावलेला असतो, मग उसळीची चिंता कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. तरीही बफर नुसता जड केला, तर कमकुवत काडतुसावर किंवा कडाक्याच्या थंडीत बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि पुढची गोळी उचलली जात नाही. कार्बाइनच्या साध्या बफरचे वजन ८५ ग्रॅमच्या आसपास असते. त्यातली पोलादाची तीन वजने एकेक करून टंगस्टनची केली, की एच, एच-२ आणि एच-३ हे जड प्रकार मिळतात. घरी करण्याजोगा आणि मला मान्य असलेला फेरफार हा एवढाच, कारण त्यात वजन वाढूनही सरकण्याची सोय शाबूत राहते आणि मन बदलले तर पिन काढून पूर्वस्थिती आणता येते. इपॉक्सी परत काढता येत नाही.

दस्त्यातल्या बफरच्या नळीत तळाशी नाणी रचण्याविषयी शेवटचे सांगतो. ९ मिलिमीटरच्या ब्लोबॅक रायफलीत, म्हणजे जिथे बोल्ट अडकून न बसता केवळ वजनाने आणि स्प्रिंगने बंद राहतो तिथे, बोल्टची धाव आखूड करण्यासाठी तो उपाय खरोखर चालतो. ५.५६च्या रायफलीत मात्र तीच नाणी बोल्टला मॅगझिनच्या मागे पोचू देत नाहीत. तेव्हा ज्यांच्या नळीत सध्या पाऊण डॉलर अडकून पडला आहे, त्यांनी तो काढून घ्यावा.