चहा गोड कुठून होतो

[दृश्य: ॲल्युमिनियमची भलीमोठी किटली. वाफ. एक लहान हात कप पुढे करतो. चेहरा दिसत नाही.]

युक्रेनमध्ये अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्यांकडे एक किस्सा हमखास ऐकायला मिळतो. अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून एक मुलगा संस्थेतून बाहेर पडतो. भाड्याच्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी चहा करतो. पाणी उकळतो, पत्ती टाकतो, घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. चहा गोडच नाही! त्याला वाटतं, दुकानदाराने पत्ती खराब दिली.

संस्थेत चहा किटलीतून यायचा, साखर घालूनच. साखर म्हणून वेगळी वस्तू असते, ती कुणीतरी चमच्याने घालतं, हे त्याने पाहिलेलंच नव्हतं. स्वयंपाकघरात मुलांना मज्जाव.

तिथला चहा बिनदुधाचा. पण गोड लागतो, हे मात्र आपल्यासारखंच.

[दृश्य: लांब बोळ. दोन्ही बाजूंना लोखंडी पलंग. चादरीच्या कोपऱ्यावर शाईचा शिक्का.]

आधीच सांगतो, या चित्रफितीत मुलांचे चेहरे दाखवलेले नाहीत. हात दिसतील, वह्या दिसतील, बूट दिसतील.

अशा संस्थेला तिथे ‘इंटरनात’ म्हणतात. आपल्याकडची आश्रमशाळा आणि रिमांड होम यांच्या मधलं काहीतरी समजा. पद्धत सोव्हिएत काळातली, आणि कित्येक इमारतीही तेव्हाच्याच. कपडे सामाईक, जेवणाची घंटा एक, चादरीवर संस्थेचा शिक्का. २०२२ साली युद्ध पेटलं तेव्हा ९० हजारांहून जास्त मुलं अशा संस्थांमध्ये होती. त्यातली जवळजवळ निम्मी अपंग. काही मुलं शनिवार-रविवार घरी जायची, काहींना न्यायला कुणीच यायचं नाही.

आता गंमत पाहा, गंमत म्हणवत नाही खरं तर. या मुलांपैकी दहातल्या नऊ जणांचे आई किंवा वडील हयात होते. बाप दारूत बुडालेला, आई कामासाठी पोलंडला नाहीतर इटलीला गेलेली, किंवा मूल गतिमंद आणि गावात त्याला घेणारी शाळा नाही. मग सरकारी माणूस सांगायचा, ठेवा इंटरनातमध्ये, तिथे डॉक्टर आहे, जेवण आहे. अशा मुलांसाठी तिथल्या भाषेत एक शब्दच आहे: ‘सामाजिक अनाथ’. २०१७ मध्ये सरकारने या संस्था हळूहळू बंद करून मुलं कुटुंबात पाठवायचं धोरण आखलं. पण एका संस्थेवर आचारी, शिक्षक, चौकीदार अशी गावातली कितीतरी घरं चालतात. ती बंद व्हावी असं गावात कुणाला वाटणार?

[दृश्य: बर्फ. मिनीबसमध्ये रंगीत पिशव्या चढवणारी कॉलेजची मुलंमुली.]

या बोळांत बाहेरचं तरुण माणूस पहिल्यांदा आलं ते बहुधा डिसेंबरात. संत मिकोलायचा सण. पूर्वी तो १९ डिसेंबरला असायचा, चर्चने दिनदर्शिका बदलल्यापासून, म्हणजे २०२३ पासून, ६ तारखेला असतो. आदल्या रात्री मिकोलाय येतो आणि उशीखाली भेट ठेवतो, अशी समजूत. ज्यांच्या उशीपाशी कुणी येणार नाही, त्यांच्यासाठी ल्विव, इव्हानो-फ्रँकिव्स्क, कीव इथल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच मिकोलाय व्हायचं ठरवलं. मुलांनी लिहिलेली पत्रं गोळा करायची, वर्गणी काढायची, एकाला पांढरी दाढी आणि उंच टोपी चढवायची आणि खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने दूरच्या इंटरनातपर्यंत जायचं.

मन लावून केलेलं काम होतं, यात शंका नाही. पण चार-पाच वर्षं जाणाऱ्यांना हळूहळू काही गोष्टी खटकायला लागल्या. डिसेंबरात गटांमागून गट येतात, चॉकलेटांचा ढीग पडतो. फेब्रुवारीत कुणी फिरकत नाही. आणि लहान मुलं! अनोळखी माणूस दिसला की धावत येऊन पायाला मिठी मारतात, ‘मामा’ म्हणतात, म्हणजे आई. पाहुण्याला भरून येतं, तो फोटो काढतो. मुलांचे मानसतज्ज्ञ मात्र ती मिठी पाहून काळजीत पडतात. ज्या मुलाचं कुणीतरी एक ठरावीक माणूस असतं, ते परक्याकडे असं झेपावत नाही. ते आधी आईच्या मागे लपतं.

(वाढदिवसाला आश्रमात जाऊन केक कापायचा, मुलांना रांगेत बसवून फोटो काढायचा आणि तासाभरात गाडी वळवायची, हे आपल्यालाही अनोळखी नाही. चेहरे न दाखवण्याचं कारण तेच.)

[दृश्य: बाजार. बीटचा ढीग. एक मुलगी पिशवीत बीट मोजून टाकते, शेजारी एक तरुणी.]

यातून पुढे आलं ते ‘नस्ताव्निक’ हे नातं. शब्दकोशात त्याचा अर्थ मार्गदर्शक असा दिलेला असतो. प्रत्यक्षात थोरली बहीण, मोठा दादा असा. २०१६ मध्ये युक्रेनच्या कायद्यात याला जागा मिळाली. प्रौढ माणसाने अर्ज करायचा, प्रशिक्षण घ्यायचं, तपासणीला सामोरं जायचं आणि मग संस्थेतल्या एकाच मुलासाठी करार करायचा. एकच मूल, आणि भेटी नेमाने.

काय करतात ते भेटून? काही खास नाही. ट्रामचं तिकीट काढतात. बँकेत जाऊन रांगेत उभे राहतात. बीट किसून बोर्श नावाचं सूप करतात, आणि हात लाल झाले की ते धुवायचे कसे यावर वाद घालतात. किराणा दुकानात एवढ्या पैशात आठवडा कसा काढायचा हे शिकतात. वरून क्षुल्लक वाटेल, पण चहाचा तो किस्सा आठवा.

दुसरी एक संस्था कॅमेरा घेऊन आली. तिचं नाव ‘झ्मिनी ओद्ने झित्त्या’, म्हणजे ‘एक आयुष्य बदला’. दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना सरकारी फायलीत काय मिळणार? एक ओळखपत्राचा फोटो आणि आजारांची यादी. ही मंडळी मुलाची छोटी चित्रफीत करतात. तो कसा हसतो, सायकलवरून कसा पडतो, कुत्र्याला काय म्हणून हाक मारतो. आम्ही चेहरे लपवतो आहोत आणि त्यांना ते दाखवावे लागतात. दोन्ही बरोबर असू शकतं.

[दृश्य: काळा पडदा. सायरनचा आवाज. मग रेल्वेचा फलाट, गर्दी.]

२४ फेब्रुवारी २०२२.

देशात मुलं होती सुमारे ७५ लाख. पहिल्या महिन्यात त्यातल्या ४३ लाखांना घर सोडावं लागलं, असं युनिसेफने सांगितलं. इंटरनातची मुलं बसमध्ये, रेल्वेत बसवून पश्चिमेकडे पाठवली गेली. काही देशातच राहिली, काही पोलंड, जर्मनीपर्यंत पोचली. कित्येकांना घाईघाईने ‘घरी’ पाठवलं. घर शाबूत आहे का, घरात कुणी आहे का, हे पाहायला त्या दिवसांत वेळ कुणाला होता?

ल्विवच्या स्टेशनवर सूप वाढणारी, बाबागाड्या उचलणारी, म्हाताऱ्यांना हात देणारी पोरं दिसत होती. त्यांत ‘प्लास्त’चे गणवेशातले स्काउटही होते. ही संघटना १९११ पासूनची. सोव्हिएत काळात तिच्यावर बंदी होती, १९८९ पासून ती पुन्हा उभी राहिली.

[दृश्य: सपाट गवताळ प्रदेश. नीप्रो नदी. एक रिकामी दुमजली इमारत.]

दक्षिणेकडे खेरसोन शहर मार्चच्या सुरुवातीलाच रशियाच्या ताब्यात गेलं. शहराजवळच्या स्तेपानिव्का गावात आपद्ग्रस्त मुलांचं एक केंद्र होतं. संचालक व्होलोदिमिर साहायदाक, साठीच्या आसपासचे. त्यांच्याकडे ५२ मुलं. काही अनाथ, काही आईबापांपासून दूर केलेली. बाहेर पडायचे रस्ते बंद. सैनिक आज ना उद्या दारात येणार, आणि मुलांची यादी मागणार.

साहायदाक यांनी मुलं पांगवली. काही दूरच्या नातेवाइकांकडे, काही ओळखीपाळखीच्या घरी. ज्यांचं कुणीच नव्हतं, त्यांना केंद्रातल्या बायकांनी आपल्या घरी नेलं. कुणी विचारलं तर मी मावशी, मी आत्या. मुलांना आपापल्या माणसांनी नेलं आहे, असे खोटे कागद तयार झाले. आता कल्पना करा, सहा-सात वर्षांच्या पोराला नव्या बाईला मावशी म्हणायला शिकवायचं, आणि बंदूकधारी माणसासमोर ते विसरू नकोस म्हणून सांगायचं.

त्याच शहरात मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरांनी अनाथ तान्ह्या बाळांच्या केसपेपरवर न झालेले आजार लिहिले. फिट येतात, श्वासासाठी यंत्र लागतं, हलवता येणार नाही. बाळं ठणठणीत होती. डॉक्टरकीच्या शिक्षणात खोटं लिहायला शिकवत नाहीत, पण वेळ आली की जमतं.

सगळी नाही वाचली. खेरसोनच्या शिशुगृहातली ४६ मुलं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियाला नेली गेली. स्तेपानिव्काच्या केंद्रात रशियनांनी दुसऱ्या जिल्ह्यातून आणून ठेवलेली १५ मुलंही माघारीच्या वेळी नेली. नोव्हेंबरमध्ये शहर सुटलं, तेव्हा ती मुलं तिथे नव्हती.

[दृश्य: हाताने काढलेला नकाशा. पेन्सिलची रेघ एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर जाते.]

रशियात किंवा ताब्यातल्या भागात नेलेल्या १९ हजारांहून अधिक मुलांची नोंद युक्रेन सरकारकडे आहे. याच प्रकरणात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी व्लादिमिर पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्या नावे अटक वॉरंट काढलं.

वॉरंट निघाल्याने मूल परत येत नाही. त्यासाठी माणूस जावं लागतं. पूर्वी युक्रेनचे बालहक्क आयुक्त राहिलेले मिकोला कुलेबा यांची ‘सेव्ह युक्रेन’ संस्था हेच काम करते. मुलाची आई किंवा आजी पोलंड, बेलारूस असा मोठा वळसा घालून रशियात शिरते. स्वयंसेवक कागद जमवतात, रस्ता आखतात. आजीने कदाचित कधी जिल्हा ओलांडलेला नसतो. सीमेवर तासन्‌तास प्रश्न. मग एक दिवस ती नातवाचा हात धरून परत येते.

आता इंटरनातमधून नेलेलं मूल आठवा. त्याला आणायला कोण जाणार? मामा, काका, आजी, कुणाच्या नावाने अर्ज करायचा? ज्याच्या मागे माणूस नाही, ते आधी संस्थेत अडकतं, आणि मग सीमेपलीकडेही अडकतं.

[दृश्य: गावातल्या शाळेचं तळघर. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं.]

चेर्निहिवजवळचं याहिद्ने. मार्च २०२२ मध्ये रशियन सैनिकांनी अख्खं गाव, साडेतीनशेहून जास्त माणसं, शाळेच्या तळघरात कोंडली. जवळजवळ महिनाभर. त्यात सत्तरएक मुलं. हवा पुरेना, दहा माणसं गेली. दाराजवळच्या भिंतीवर कुणीतरी दिवसांचं कॅलेंडर लिहून ठेवलं होतं, नाहीतर तारीख हरवली असती.

जुलैमध्ये याच गावात बस भरभरून तरुण मंडळी आली. ‘रिपेअर टुगेदर’ हा त्यांचा गट. फावडी, हातमोजे, बादल्या, आणि चक्क डीजे. बॉम्बने पाडलेल्या सांस्कृतिक भवनाचा ढिगारा त्यांनी दणदणाट चालू ठेवून उपसला. ऐकायला विचित्र वाटतं. पण युक्रेनच्या खेड्यात ‘तोलोका’ नावाची जुनी रीत आहे. कुणाचं घर बांधायचं, कुणाचं पीक काढायचं, तर सगळ्या गावाने यायचं, काम झालं की एकत्र जेवायचं, गाणी म्हणायची. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात. फक्त तिथे हलगीऐवजी टेक्नो वाजत होतं.

[दृश्य: खार्किवची मेट्रो. फलाटावर सतरंज्या. खडूने रंगवलेली फरशी.]

खार्किवचं नाव मराठी घरांत माहीत आहे ते मेडिकलला गेलेल्या मुलांमुळे. त्या फेब्रुवारीत भारतीय विद्यार्थी याच मेट्रो स्थानकांत जमिनीखाली बसून होते, आणि इकडे पालक फोनची बॅटरी संपू नये म्हणून देव पाण्यात घालून होते. आपली मुलं ‘ऑपरेशन गंगा’तून परत आली. तिथली मुलं खालीच राहिली, मेपर्यंत. थांबलेल्या डब्यांमध्ये झोपायची, फलाटावर खेळायची. चित्रकार, नट, शिक्षक, कॉलेजची मुलं खाली उतरून त्यांच्यासोबत चित्रं काढायची, नाटकं करायची. २०२३ च्या सप्टेंबरपासून त्या स्थानकांतच रीतसर वर्ग भरू लागले. वरून मेट्रो धावते, खाली पाढे. चुकलो, मेट्रोही खालीच.

युद्धाने नवे अनाथही तयार केले. त्यांना इंटरनातमध्ये जाऊ द्यायचं नाही, यावर मात्र जुन्या-नव्या सगळ्या स्वयंसेवकांचं एकमत. बरीच मुलं आजी-आजोबा, मावश्या-काकांकडे आहेत. डोळ्यांदेखत आई गेलेली मुलं ‘जेन युक्रेनियन’ या संस्थेच्या शिबिरांत मानसतज्ज्ञांसोबत काही दिवस राहतात. आणि ज्यांना नातेवाईकच नाहीत, त्यांच्यासाठी आहे ‘कौटुंबिक बालगृह’. नाव सरकारी, पण व्यवस्था साधी: एक जोडपं, किमान पाच मुलं दत्तक न घेता वाढवायची, स्वतःची धरून जास्तीत जास्त दहा. सख्खी भावंडं शक्यतो एकत्र. युद्धात अशी अख्खी कुटुंबं एकाच गाडीत कोंबून पळाली. त्यांना पुन्हा मोठं घर कुठून मिळणार? राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का यांचं प्रतिष्ठान अशांसाठी घरं बांधतं आहे.

[दृश्य: नव्या घराचं दार. आत बुटांचा ढीग. सकाळ.]

अकरा-बारा माणसांच्या घरात बूट किती होतात, ते दारातच कळतं. हिवाळ्याचे, पावसाळ्याचे, खेळाचे, लहान झालेले पण टाकवत नाहीत असे. कुठल्याच बुटावर शिक्का नाही, नंबर नाही. त्यामुळे शाळेची वेळ झाली की रोज सकाळी भांडण. एकाच्या पायात दुसऱ्याचा डावा, तिसरा एका बुटावर लंगडत सगळं घर शोधतो आहे, आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडून विचारतं आहे, साखरेचा डबा कुणी संपवला?